दादाच्या हातचं

२ फेब्रुवारी १९६६, चिखली
शाळेच्या पत्त्यावर पाकीट. पाठवणारा वरवट बकालचा कोणी वानखडे. ओळख नाही. जहाजावर नोकरी, सध्या सुटीवर गावी. तिसऱ्या तासाला मुलांना निबंध लिहायला लावला आणि वाचलं.

मलेशियात पेनांग बंदराजवळ खाण्याचं एक मैदान आहे. पत्र्याखाली तीस-चाळीस गाड्या, सगळीकडे चुली पेटलेल्या. तिथे एक जण कढईत शेवया परतत होता. कोणाचा तरी धक्का लागला तसा म्हणाला, 'काऊन बे, डोये फुटले काय?' वानखडेंनी विचारलं, कुठले? 'साखरखेर्डा.' नाव सांगितलं नाही. डाव्या कानाची पाळी अर्धी आहे. 'आमच्या एका पाहुण्याला विचारलं, त्यांनी तुमचं नाव दिलं. बाकी कोठे बोललो नाही. चूकभूल माफ.'

पत्र हजेरीपुस्तकात ठेवलं. घरी सांगितलं नाही.

३ फेब्रु.
दादा पलटणीत गेला तेव्हा मी तेरा वर्षांचा. त्याची बायको अ. सोळाची. विमल पोटात. मग सिंगापूर पडलं. आधी कागद आला, बेपत्ता. लढाई संपल्यावर दुसरा, मृत धरावे. भावकीने एकोणपन्नास साली आमचा पाट लावला. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत, अंधारात, घराच्या मागच्या बाजूला. मी तेव्हा अमरावतीला बी.ए. च्या वर्गात. परीक्षेच्या आधी सुटी घेऊन आलो, पाट लावून परत गेलो.

विमलचं लग्न मी केलं. ती मला काका म्हणते. आमचं दोघांचं एक झालं होतं. सहा महिन्यांचं होऊन गेलं.

कानाची खूण दुसऱ्या कोणाची असू शकते. आमचं साखरखेर्डा मोठं गाव आहे.

११ फेब्रु.
रेशनला मिलो. लाल ज्वारी, अमेरिकेची. भाकरी थापताना तुटते. अ. तिला शिव्या देत थापते.
'मास्तर, तुमचं ध्यान कुठं हाय? ताटात पाहा.'
ती मला मास्तर म्हणते. पाटाआधी भाऊजी म्हणायची. मी तिला तेव्हा वहिनी म्हणत होतो. आता काहीच म्हणत नाही.

२७ फेब्रु.
सांगितलं. ती चुलीजवळ होती. तव्यावरची भाकरी उलटली, भाजली, काढली. पुढची थापायला घेतली. चारही भाकरी झाल्या. मग हात धुतले.
'पत्र कवा आलं?'
'पंचवीस दिवस झाले.'
'पंचवीस.'
एवढंच.

१ मार्च
दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी, शाळेला निघताना: 'तुम्ही जा. डोयानं पाहून या. मले आयकीव नको.'
म्हटलं, मी पत्र लिहितो वानखडेंना.
'पत्र नाई. जा.'

२० मार्च, साखरखेर्डा
चुलत्याला सांगायला गेलो. सांगावंच लागलं, बाकी सगळ्यांत तोच वडीलधारा. अंगणात बाज टाकून पडला होता. ऐकून उठून बसला.
'मेलेल्याले काऊन उकरून राह्यला बे?'
'मेला नसेल तर, काका.'
'पंचवीस वर्सं पत्ता नाई त्याले का जिता म्हंतेत? काई समज हाय का? आन् आनला त्याले. कुठं बसवशीन? तुया घरात? कोनाच्या खोलीत?'
तो म्हणाला, गावात बोलू नको. ते मी कबूल केलं.

९ एप्रिल
पासपोर्टाचा फॉर्म. प्रवासाचं कारण: भावाची भेट. कारकुनाने विचारलं, भाऊ काय करतो. म्हटलं, स्वयंपाक. त्याला थट्टा वाटली.
तिकीट कसं जमवलं ते इथे लिहीत नाही.

५ मे
उद्या निघणं. मलकापूरपर्यंत एस.टी., पुढे रेल्वे, मद्रासहून जहाज.
अ. ला विचारलं, त्याच्यासाठी काही द्यायचं का. लोणचं, सांडगे, काही.
'जित्याले का मेल्याले?'
काही दिलं नाही. माझ्या पिशवीत दशम्या आणि धुतलेले दोन सदरे.

१४ मे, जहाजावर
तिसरा दिवस. डेकवर सातशे माणसं. बहुतेक तामीळ, रबराच्या मळ्यांवर परतणारे. सगळे ओकतात. शेजारचा म्हातारा खुणेने विचारतो, तुझं तिकडे कोण? मी बोट वर करतो. एक.

भाऊ जिवंत निघाला तर मला काय व्हायला हवं ते ठरवू शकलो नाही. आनंद असं लिहायला हवं.

१९ मे, पेनांग
सकाळी उतरलो. एका तामीळ खाणावळीत वर खोली. दुपारी विचारत विचारत मैदानावर.

पत्र्याचं लांब छप्पर, बाजू उघड्या, पलीकडे समुद्र. गाड्या तीन बाजूंनी, मध्ये बाकं आणि संगमरवरी फरशीची गोल टेबलं. गर्दी एवढी की उभ्याने जागा धरावी लागते. टेबलाला रंगाने आकडा घातलेला. आपण कुठेही बसायचं, हव्या त्या गाडीवर जाऊन आकडा सांगायचा. एकाच टेबलावर चार गाड्यांचं चार माणसांना येतं. माझ्या टेबलावर एक चिनी म्हातारी, दोन चिनी कारकून, मी. पंगत नाही. कोणी कोणाकडे पाहत नाही.

धूर, मासळी, लसूण, जळका गूळ. घरी मिलो खाऊन आलेल्या माणसाला एवढं अन्न एका जागी पाहवत नाही.

अकराव्या गाडीवर तो. पाठमोरा होता तरी ओळखलं. मान आमच्या बापाची. वळला तेव्हा कान दिसला. केस पांढरे. उजवा पाय ओढतो. शेजारी एक चिनी बाई मोड आलेले मूग निवडते, अंडी फोडून देते.

आकडा सांगायला गेलो नाही. लोकांनी बोट दाखवावं तसं लांबून दाखवलं, ती बाई समजली. तांदळाच्या चपट्या शेवया, शिंपले, अंडं, काळा खारट रस, मिरची. ताट बाईने आणून ठेवलं. सगळं खाल्लं. चव लिहिता येत नाही. धुराची होती. काट्याने दोनदा सांडलं.

बोललो नाही. परत आलो.

२० मे
पुन्हा गेलो. आज आधी दुसऱ्या गाड्यांवरचं घेतलं, उगाच वेळ काढायला. लक्सा म्हणून कालवण: चिंचेचं आंबट, मासळी कुस्करलेली, जाड पांढऱ्या शेवया, वर पुदिना आणि अननसाच्या फोडी. साते म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, सोबत शेंगदाण्याचं कालवण. शेंगदाण्याने घर आठवलं, ते गिळलं नाही.

मग दादाच्या शेवया. कारकुनांपैकी एक आज पुन्हा भेटला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ही गाडी चांगली, डुकराच्या चरबीत परततो. मी थांबलो. मग उरलेलं खाल्लं.

तो कढईवर वाकून असतो. खोकतो तेव्हा तोंड बाजूला करतो. गिऱ्हाइकांशी चिनी बोलतो, मलायी बोलतो. तीन तास बसलो, मराठी एक शब्द आला नाही.

एवढ्यावर परत जाता येईल. सांगता येईल, पाहिलं, दुसराच होता. हा विचार जेवताना आला आणि जेवण संपेपर्यंत होता.

२१ मे
ताट घेऊन बाई नाही, तो आला. ठेवलं आणि समोर बसला.
'मिरची वाढून टाकली. काल कमी पडली तुले.'
मी वर पाहिलं नाही.
'पयल्याच दिवशी वयखलं. बुढ्यावानी जेवतं तू. खाली मुंडी घालून, कोनी हिसकून घेईन असा. नाऱ्या हायेस ना?'
'हो.'
'खाय. थंडं होते.'

मी खाल्लं. तो पाहत होता. मग एकेक विचारत गेला. मराठी अडखळते, मधेच मलायी शब्द येतो, तो थुंकल्यासारखा बाजूला टाकतो.
'बुढा?'
'त्रेपन्न साली.'
'माय?'
'त्याच्या आधीच.'
'लेकरू झालं व्हतं?'
'मुलगी. विमल. लग्न झालं. तिला दोन आहेत.'
तो बोटांवर काही मोजत राहिला. वर्षं असतील.
त्याने अ. चं नाव घेतलं.
'आहे.'
'तिचा पाट लावला असन.'
'हो.'
'कोनासंगं?'

मी काटा खाली ठेवला. टेबलावरची म्हातारी उठून गेली. तिच्या जागी दुसरं कोणी बसलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मग उठला. गाडीवर गेला. पुन्हा एक ताट परतून आणलं, पहिलं संपलं नव्हतं तरी. समोर ठेवलं.
'खाय.'

दोन्ही ताटं खाल्ली. खोलीवर येऊन ओकलो.

२२ मे
आज गाडीमागे स्टूल दिलं. गर्दी ओसरली की बोलतो, वाढली की उठतो. लिंबं चिरायला दिली. चिरली.

बाईचं नाव लान. तिचा बाप या गाडीचा मालक होता, वारला. मूलबाळ नाही. तिला आमची पाच-सहा वाक्यं येतात. दादाकडून. मला पाणी दिलं आणि म्हणाली, 'पे.' वऱ्हाडी, चिनी तोंडातून. हसू आलं नाही.

दादा: 'मायं पान काढता का रे घरी? पितरात?'
'काढतो. घातचतुर्दशीला. लढाईत गेलेल्याचं तेव्हाच.'
'काय काय करते ती?'
'वडे. कढी. तांदळाची खीर. भोपळ्याची भाजी.'
'अन् खाते कोन माया नावानं?'
'काका बसतात पाटावर.'
'तो भिकारचोट? त्याले दात हायेत अजून?' हसला. एवढ्या वेळात पहिल्यांदा. खोकला लागला, थांबेना. लानने पाठीवर थापट्या मारल्या. 'वीस वर्सं फुकट खाल्लं म्हना म्या. अन् भूक तशीच.'

२४ मे
त्याने सांगितलं. विचारलं नव्हतं. कांदा सोलताना, खाली पाहून.

सिंगापुरानंतर जपान्यांनी जंगलात नेलं, रेल्वेच्या कामावर. साखरखेर्ड्याचा सखाराम सोबत होता. आमच्या आळीतला, दादाबरोबरच भरती झालेला. एकाच तट्ट्यावर झोपायचे. पटकी आली. एका सकाळी सखाराम उठला नाही. भात माणशी मिळायचा, मोजून, आजाऱ्याचा शेजाऱ्याकडे द्यायचे.
'म्या म्हनलं, बिमार हाय. झोपला हाय. त्याचा भात घेतला.'
कांदा संपला, दुसरा घेतला.
'तीन दिवस. त्याच्या अंगावर कांबयं टाकून ठेवलं. बाजूलेच निजो. चौथ्या दिवशी वासानं त्यायले समजलं.'

'सेचाळीसात बोट व्हती. नाव लिवलं मायं. धक्क्यावर गेलो अन् आलो मांगं. लिवनाऱ्याले म्हनलं, मेला असं लिवा. सख्याची माय हाय?'
'आहे.'
'रोज दिसन. नाई का? आपल्या आयीतच घर.'
'हो.'
'मंग कसा येऊ.'

गिऱ्हाईक आलं. उठला. कढईत तेल टाकलं. त्याचा हात स्थिर होता. एवढ्या स्थिर हाताने कोणी काही परतताना मी पाहिलं नाही.

२६ मे
रात्री जहाज. शेवटचं जेवण. आज गर्दीत इतर गाडीवाल्यांनीही पाठवलं, लानने सांगितलं असावं. साते, लक्सा, बर्फाच्या किसावर लाल सरबत. टेबल भरलं. मी एकटा खाणारा.

लान ताट उचलायला आली. टेबल पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. म्हणाली, 'नेतं काय?'
समजायला वेळ लागला. नेतोस का. त्याला.
'नाही,' म्हटलं. मग वाटलं ते माझ्या हातात नाही. मान हलवली, हो-नाही दोन्ही होईल अशी. ती तशीच उभी राहिली.

दादा धक्क्यापर्यंत आला, पाय ओढत.
'तिले इचारजो. ती म्हनन ये, तं येतो. सख्याच्या मायले बी तोंड दाखवतो मंग. ती म्हनन मेला, तं मेलो. तू काई शिकवजो नोको तिले. निरा इचारजो.'
'आणि मी?'
'तू काय?'
म्हणाला आणि मागे वळला.

९ जून, चिखली
पोचलो. अ. दारात नव्हती. मागे कपडे धूत होती. तसेच पिळत म्हणाली,
'हाय?'
'आहे.'
पीळ घट्ट केला. धोतर झटकलं, दोरीवर टाकलं. पाणी तापवलं. मी आंघोळ केली. जेवलो. मग समोर बसली.
'काय रांधते तो?'

मी सांगितलं. शेवया, शिंपले, काळा रस, दुसऱ्या गाडीवरचं चिंच-पुदिन्याचं कालवण. चरबीचंही. तिला ते काही वाटलं नाही. कढई केवढी, उलथनं कोणत्या हातात, जाळ कसला, लाकडं की कोळसा. कोळसा, म्हटलं. हात भाजलेले आहेत का. आहेत. कांदा कोण चिरते. तोच. आणि बाई? बाई अंडी फोडते. हं.

येणार का, हे विचारलं नाही. मीही त्याचा निरोप सांगितला नाही.

१७ जून
भावकीत, शाळेत सांगितलं: शोध लागला नाही, दुसराच कोणी होता. हेडमास्तर हळहळले. काका निरोपात म्हणाले, बरं झालं.
अ. ने हे ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. खोटं पाडलं नाही.

२ जुलै
बाजाराचा दिवस. दुपारी दारात सखारामची माय. डोक्यावर गाठोडं, चिखलीला बाजाराला आली होती. उंबऱ्याबाहेर बसली.
'मास्तर, तिकडं गेलते म्हंतेत.'
'हो.'
'माया सख्याचं काई?'
'नाही हो, मावशी. कोणीच भेटलं नाही.'
'इच्यारलं व्हतं?'
'विचारलं.'
'त्याले भात लय आवडे. आपल्याकडं कुठं भात. मी म्हनो, तिकडं भातच खातेत, जाय, पोट भरून खाजो.' हसली. दात नाहीत.
अ. ने तिला भाकरी दिली. तिने पदरात बांधली, इथे खाल्ली नाही. ती जाईपर्यंत मी पुस्तक उघडून बसलो होतो. कोणतं ते आता आठवत नाही.

३ जुलै
अ. ला सगळं सांगितलं. भाताचं. तीन दिवसांचं. धक्क्यावरचा निरोपही. तिला निरोप उशिरा कळतो ही दुसरी वेळ.

ती ज्वारीतले खडे निवडत होती. हात थांबले नाहीत.
'उपाशी मानसाचं काय धरता.' मग: 'तिले सांगू नोका. म्हातारीले.'
'आणि निरोपाचं?'
'तुमचं काय म्हननं?'
'तो म्हणाला, तुला विचारायचं. मी शिकवायचं नाही.'
'शिकवू नोका. सांगा. तुमाले काय पायजे?'
मला सांगता आलं नाही. खरंच आलं नाही. सतरा वर्षांत तिला काय हवं हे मी विचारलेलं नाही, आणि तिने आज मला विचारलं.

ती म्हणाली, 'मले नावानं हाक मारली का तुम्ही कवा? म्या वाट पाह्यली. मंग वाटलं, तुम्ही दादाचा मान ठेवता. आता समजलं. राखन करत होते तुम्ही. त्याच्या वस्तूची.'
सूप उचलून आत गेली.

१४ ऑगस्ट
नाव घ्यायचा प्रयत्न केला. शाळेतून येताना रस्त्यात म्हणून पाहिलं. घरी आल्यावर 'पाणी दे' म्हणालो.

२८ ऑगस्ट
जेवायला शेवया. उन्हाळ्यात वळलेल्या, दुधात करतात त्या. आज चिंचेच्या कालवणात. वर पुदिना. घरात मासळी नाही, शेंगदाण्याचं कूट घातलं होतं.
मी ताटाकडे पाहत राहिलो.
'तुम्ही सांगतलं तसंच केलं. तसंच लागते का?'
'नाही.'
'काय कमी हाय?'
'मासळी. आणि बरंच.'
तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं, चाखत चाखत खाल्लं, डोळे मिटून. मला तेवढा वेळ घरात असल्यासारखं वाटलं नाही.

खोटं बोललो होतो. बरंच जवळ होतं.

१ ऑक्टोबर
पितर सुरू. काकांचा निरोप, घातचतुर्दशीला नेहमीप्रमाणे येतो.
अ. ला सांगितलं. 'येऊ द्या,' म्हणाली.

११ ऑक्टो.
संध्याकाळी तिने उडदाची डाळ भिजत घातली. तांदूळ शेजारणीकडून आणले. भोपळा आणला. म्हणजे तिचं ठरलं. म्हणजे तो मेला. मला हलकं वाटलं आणि लगेच त्या हलकेपणाची किळस आली. दोन्ही लिहून ठेवतो.

१२ ऑक्टो., चतुर्दशी
काका दहाच्या एस.टी.ने आले. पाय धुऊन, टोपी काढून पाटावर बसले. समोर रांगोळी नव्हती. पान नव्हतं. आत सगळं तयार होतं, वडे, कढी, खीर, घरभर वास. अ. दाराच्या चौकटीला टेकून उभी.

काका म्हणाले, 'वाढ ना, पोरी. कवाचा बसलो.'
ती माझ्याकडे पाहत म्हणाली, 'मास्तर सांगतीन. ते पाहून आले.'
'काय सांगतीन?'
'पान कोनाचं ते.'

काका एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. कढी आत उकळत होती, तिचा आवाज येत होता. जूनपासून मी जे गावभर सांगितलं होतं ते पुन्हा एकदा सांगायचं होतं, एवढंच. तोंडात तयार होतं.
म्हणालो, 'दादा जिवंत आहे, काका. मी त्याच्या हातचं जेवलो. आठ दिवस.'

काका हलले नाहीत. मग पाटावरून उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.
'मंग इतकी वर्सं म्या कोनाच्या नावानं खाल्लं बे?'
टोपी घातली. पाणीसुद्धा घेतलं नाही. दारातून म्हणाले, 'आता तुमचं तुम्ही निस्तरा. मी गावात लपवनार नाई.'
दुपारच्या गाडीने साखरखेर्ड्याला पोचतील. दिवेलागणीपर्यंत आळीत कळेल. म्हातारीला कळेल. ती येईल. तिला काय सांगायचं, माहीत नाही.

अ. ने दोन पानं वाढली. साधी, रोजच्यासारखी. आम्ही समोरासमोर बसून वडे खाल्ले. ती माझ्याबरोबर कधी बसत नाही. खीर गोड झाली होती.

आवरल्यावर म्हणाली, 'परदेशी कागद आना.'
पोस्टातून निळा कागद आणला. पत्ता मी लिहिला. इंग्रजीत. अकरा नंबरची गाडी.
'लिवा. यंदा पान काढलं नाई.'
लिहिलं. 'पुढे?'
'पुढं काई नाई.'
'ये म्हणून? किंवा—'
'नाई. त्याचं त्याले समजन.'
'खाली तुझं नाव?'
'घाला.'
अनसुया, असं लिहिलं. हाताने पहिल्यांदा. ती वाकून पाहत होती, अक्षर तिला येत नाही.

कागद अजून टेबलावर आहे. एक ओळ, एक नाव, बाकी सगळा निळा कोरा. म्हटलं, माझ्याकडून काही लिहू का.
'तुमचं तुम्ही पाहा,' म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.
टपाल उद्या नऊला निघतं.